जेठाणी सुरतला गेली आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही : एका ताईच्या डिप्रेशनचं प्रकरण

मी जळगाव जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी बायकांसोबत काउन्सेलिंगचं काम करते. हे प्रकरण लिहायला ताईने स्वतः हो म्हटलंय, लिहिलेलं तिला वाचूनही दाखवलं. नाव, गाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदललेत. इथे तिला फक्त ताई म्हणते.

पार्श्वभूमी

ताई 33 वर्षांची, शिक्षण बारावी, माहेर धुळे जिल्ह्यात आणि सासर तापीकाठच्या केळीच्या पट्ट्यात. लग्नाला 12 वर्षं झालेली, दोन मुली, एक 10 ची एक 5 ची. घरात नवरा, सासू, आणि आधी जेठ-जेठाणी, म्हणजे थोरला दीर आणि जाऊ, पण होते. सासरे वारलेले. घर खाऊनपिऊन बरं, म्हणजे उपाशी कोणी नाही, पण केळीचा भाव पडला की घरातलं सगळं वातावरण पडतं, ते आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

जेठाणी या ताईपेक्षा आठ वर्षांनी मोठी. दोघींचं फार जमायचं. पहाटे एक भाकरी थापणार दुसरी भाजणार, उन्हाळ्यात बिबड्या आणि पापड दोघी मिळून, सासू काही बोलली तर एकमेकींकडे बघून घ्यायचं आणि नंतर धुणं धुताना त्यावर मनसोक्त बोलायचं. ताई म्हणायची, "वहिनी होती तेव्हा सासूचं बोलणं दोघींत वाटून जायचं." हे वाक्य मी तेव्हाच वहीत लिहून ठेवलं होतं, कारण पुढचं सगळं प्रकरण एका अर्थी याच वाक्यात आहे.

2022 च्या पावसाळ्यात भावाभावांची वाटणी झाली, जेठ कामासाठी सुरतला गेला आणि जेठाणी पण गेली. भांडण वगैरे काही नाही, खान्देशातली अर्धी घरं अशी सुरतला गेलेली आहेत. पण ताईच्या वाटेला दोघींचं काम आलं आणि बोलायला कोणी राहिलं नाही. त्यानंतर सहा-आठ महिन्यांत माहेरचं बिनसलं. वडील आधीच वारलेले, भावाला सगळी जमीन स्वतःच्या नावावर करून घ्यायची होती म्हणून त्याने हक्कसोड पत्रावर सही मागितली. ताईला खरं तर सही करून टाकायची होती, भाऊ आहे, कुठे जमिनीसाठी तोडायचं. पण नवऱ्याने साफ सांगितलं की सही केलीस तर तिकडेच राहा. कायद्याने तिचा वाटा आहेच, हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिलाय, त्यामुळे नवऱ्याचं म्हणणं कायद्याला धरून होतं, पण त्याने तिला विचारलंच नाही की तुला काय वाटतं. भावाला वाटलं ही नवऱ्याच्या नादाने लोभी झाली. त्या वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिला बोलावणं आलं नाही.

आखाजीला माहेरून बोलावणं न येणं म्हणजे काय हे खान्देशातल्या बाईलाच विचारा. गल्लीतल्या सगळ्या लेकी आल्यात, झोके बांधलेत, गाणी चाललीत, आणि हिच्या सासरी शेजारणी विचारतात, "काय ओ, यंदा गेल्या नाहीत?" भाऊबीज पण तशीच गेली. आई फोन करायची, पण मुलाला लपवून, दोन-तीन मिनिटं, तेही बरी आहेस ना, पोरी बऱ्या आहेत ना एवढंच.

अडचण काय होती

2023 च्या दिवाळीनंतर ताईचं अंग दुखायला लागलं. डोकं जड, भूक नाही, पहाटे तीनला जाग यायची आणि मग झोप नाही. भाजीत मीठ विसरायची, कधी दोनदा टाकायची. धाकटीची वेणी घालायचं राहून जायचं, पोरगी तशीच अंगणवाडीत जायची. गावातल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून तीनदा सलाईन लागली, प्रत्येक वेळी पाचशे रुपये, आणि दोन दिवस बरं वाटून पुन्हा तेच. मग शेजारच्या गावच्या भगताकडे नेलं, त्याने बाहेरचं आहे म्हणून सांगितलं. यात तीन महिने गेले.

घरात प्रत्येकाचं वेगळं म्हणणं. सासूबाईंचं, "तिले काय व्हयनं, दोन येळ खाई ऱ्हायनी ना." नवऱ्याचं म्हणणं असं नव्हतंच काही, तो गप्प. सकाळी वावरात, संध्याकाळी पारावर, रात्री मोबाईल. ताई रडत असेल तर कूस बदलून झोपायचा. तो वाईट माणूस आहे असं मला आजही वाटत नाही, पण त्या गप्पपणाने तिचं जे व्हायचं ते सासूच्या बोलण्यापेक्षा कमी नव्हतं.

2024 च्या फेब्रुवारीत आशाताई, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य सेविका, तिला माझ्याकडे घेऊन आल्या. त्यांच्या लक्षात आलं होतं की ही बाई हळदीकुंकवाला पण घराबाहेर पडली नाही. मी पीएचक्यू-9 ही डिप्रेशनची नऊ प्रश्नांची तपासणी केली, त्यात मागच्या दोन आठवड्यांचं विचारतात आणि 27 पैकी स्कोर येतो. तिचा आला 19, म्हणजे तीव्रच्या अगदी उंबरठ्यावर. नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याचा आहे, त्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, कधी कधी येतं मनात, पण पोरींकडे बघून जातं. हा प्रश्न विचारायला खूप जण घाबरतात, विचारल्याने डोक्यात विचार भरेल असं वाटतं. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून तिचा श्वास सुटल्यासारखा झाला.

इथे थोडं वाचलेलं सांगते, कारण ताईची गोष्ट ऐकताना तेच डोक्यात येत होतं. 1978 साली जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी लंडनमधल्या बायकांचा अभ्यास मांडला होता. मोठा आघात झाल्यावर कुठल्या बायका डिप्रेशनमध्ये जातात आणि कुठल्या तरून जातात, हे ते शोधत होते. धोका वाढवणाऱ्या चार गोष्टी त्यांना सापडल्या, मन मोकळं करायला जवळचं माणूस नसणं, घरात 14 वर्षांखालची तीन किंवा जास्त मुलं, घराबाहेर नोकरी नसणं आणि 11 वर्षांच्या आत आई गमावणं. लंडन कुठे आणि तापीकाठ कुठे, पण पहिली गोष्ट ताईला तंतोतंत लागू होती. जेठाणी गेली, माहेर बंद झालं आणि नवरा कधी तसा जवळ आलाच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते डिप्रेशन पुरुषांपेक्षा बायकांमध्ये साधारण दीडपट आढळतं, त्यात शरीराचा भाग आहेच, पण बाईची सगळी नाती लग्नाच्या दिवशी उपटून दुसरीकडे लावतात आणि ती रुजली का हे पुढे कोणी बघत नाही, हा भाग पण आहे असं मला माझ्या कामातून ठामपणे वाटतं.

कोणते रस्ते होते

पहिला, नुसती औषधं. स्कोर बघता मानसोपचार तज्ज्ञाकडे नेणं भागच होतं, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. पण गोळी घेऊन ती परत त्याच घरात, त्याच गप्पपणात बसणार होती.

दुसरा, महिनाभर माहेरी पाठवणं. आपल्याकडे सगळे हेच सुचवतात, हवापालट. इथे ते शक्यच नव्हतं, आणि ओढूनताणून पाठवलं असतं तर भावजयीचं एक वाक्य पण तिला झेपलं नसतं.

तिसरा, तक्रार. वर्षभरापूर्वी नवऱ्याने फोनच्या कारणावरून झालेल्या वादात दोन चापटा मारल्या होत्या, हे तिने तिसऱ्या भेटीत सांगितलं. मी तिला नीट समजावलं की 2005 च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात नुसती मारहाण येत नाही, घालूनपाडून बोलणं, मानसिक छळ, पैसे अडवणं हे पण येतं, संरक्षण अधिकारी असतो, 181 हा महिलांचा नंबर आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली आत्ता नको. तिचा निर्णय मी मान्य केला, पण पुन्हा हात उचलला गेला तर काय करायचं, कुणाकडे जायचं, पोरी कुठे राहतील हे सगळं ठरवून ठेवलं.

चौथा, वेगळी चूल. तिच्या मनात हे खूप होतं. पण सासूला दुसरा मुलगा सुरतला, म्हणजे वेगळं निघणं जवळपास अशक्य, आणि डिप्रेशनच्या भरात घर मोडण्या-बांधण्याचे निर्णय घेऊ नयेत असं मी प्रत्येकीला सांगते.

पाचवा, घरच्या माणसांना सोबत घेणं. हाच घ्यायचा ठरला, औषधांच्या जोडीने. रस्ता बरोबर होता, पण मी तो घेतला चुकीच्या क्रमाने.

काय केलं

आधी सुरक्षिततेचं. आशाताईंच्या मदतीने फवारणीची औषधं घरातून काढून मळ्यातल्या खोलीत कुलपात ठेवायला लावली, नवऱ्याला कारण स्पष्ट सांगितलं. तो पहिल्यांदा घाबरलेला दिसला. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर ताईच्या फोनमध्ये सेव्ह करून दिला, रात्री-अपरात्री पण लागतो, मराठीत बोलता येतं.

मग जळगावला सरकारी दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.9, थायरॉइड नॉर्मल. म्हणजे अशक्तपणा खोटा नव्हता, त्यावर लोहाच्या गोळ्या मिळाल्या. डिप्रेशनची गोळी सुरू झाली, डॉक्टरांनी सांगितलं फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतील, आणि बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायची, मनाने बंद करायची नाही.

आणि इथे मी चूक केली. ताईच्या चार भेटी झाल्यावर मला वाटलं आता सगळ्यांना समोरासमोर बसवू या. मार्चच्या सुरुवातीला नवरा, सासू, ताई आणि मी. तासाभराची बैठक, त्यातली चाळीस मिनिटं सासूबाई बोलल्या. कामचुकार आहे, पोरींना बघत नाही, फोनवर असते, दुसऱ्यांदा पण पोरगीच झाली तेव्हापासून तोंड पाडून बसलेली असते, वगैरे. नवरा जमिनीकडे बघत होता. ताई एक अक्षर बोलली नाही. मी मध्ये मध्ये थांबवायचा प्रयत्न केला पण तेव्हा मी घट्टपणे थांबवायला हवं होतं, ते केलं नाही, वयाचा मान ठेवत बसले. घरी गेल्यावर रात्री नवं वाक्य सुरू झालं, घरची अब्रू बाहेर टांगली. आणि आठवड्यात नवऱ्याने गोळ्या बंद केल्या, कुणीतरी त्याला सांगितलं की या नशेच्या गोळ्या असतात, सवय लागते. पुढच्या भेटीत स्कोर 21. मला त्या रात्री झोप लागली नाही. हे वाढलेले दोन आकडे माझ्या बैठकीमुळे होते असं मी आजही धरते, गोळ्या सुटल्या तो भाग धरूनसुद्धा.

त्यानंतर क्रम बदलला. नवऱ्याला ऑफिसात बोलवायच्या ऐवजी मीच मळ्यात गेले, केळीची कटाई चालू होती, मजूर घड वाहत होते, बांधावर उभं राहून बोललो. पहिली पंधरा मिनिटं मी फक्त त्याचं ऐकलं. सोसायटीचं कर्ज, व्यापाऱ्याने कापलेला भाव, भाऊ निघून गेला तेव्हापासून आईचं सगळं एकट्यावर. मग तो म्हणाला, "मी तिले काय कमी करं?" मी म्हटलं दादा, कमी काही केलं नाही, पण ती रडते तेव्हा तुम्ही कूस बदलता ना, तेवढंच तिला दिसतं. तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला, रडणाऱ्या माणसाला काय बोलायचं ते मला येत नाही. मला वाटतं संपूर्ण प्रकरणातलं सगळ्यात खरं वाक्य हेच होतं. त्याला उपदेश नको होता, काय करायचं ते कुणी सांगायला हवं होतं.

म्हणून अगदी साधं काम दिलं. रात्री जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं ओट्यावर दोघांनी बसायचं, मोबाईल आत. सल्ला द्यायचा नाही, आईची बाजू मांडायची नाही, नुसतं ऐकायचं आणि शेवटी विचारायचं, उद्या माझ्याकडून काय हवं. गोळ्यांची शंका डॉक्टरांशी फोन लावून तिथेच मिटवली, ही सवय लागणारी गोळी नाही, फक्त एकदम बंद करायची नसते. मार्चच्या शेवटी गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि आणायची जबाबदारी त्याने घेतली.

सासूबाईंकडे मी वेगळी गेले, तीन वेळा. 1989 साली जिल हूली आणि जॉन टीसडेल यांनी डिप्रेशनमधून सावरलेल्या लोकांना विचारलं होतं की तुमचा जोडीदार तुमच्यावर किती टीका करतो असं तुम्हाला वाटतं, 1 ते 10 मध्ये सांगा. ज्यांचा आकडा मोठा ते पुढच्या नऊ महिन्यांत पुन्हा आजारी पडण्याची शक्यता जास्त निघाली. मी ताईला तोच प्रश्न दोघांबद्दल विचारला होता. नवऱ्याला तिने 4 दिले, सासूला 9. म्हणून सासूबाईंना टाळून चालणारच नव्हतं. पण त्यांना दोष द्यायला गेले असते तर दार बंद झालं असतं. तिसऱ्या वेळी गवारीच्या शेंगा निवडता निवडता मी विचारलं, तुम्ही सून होता तेव्हा कसं होतं? त्या म्हणाल्या, "आम्ही बी रडूत, पन वावरमा जाईसन." घरात रडायची सोय नव्हती म्हणून शेतात जाऊन रडायच्या. मग दोघी बराच वेळ शेंगाच निवडत बसलो. मी एवढंच म्हटलं, आई, तिला वावरात जावं लागू नये एवढं बघा. एकदम बदलल्या असं झालं नाही. पण भाजीत मीठ कमी पडलं की ते पोरींसमोर बोलायचं त्यांनी बंद केलं, असं ताईनेच एप्रिलमध्ये सांगितलं.

आणि जेठाणी. हा उपाय ताईनेच काढला, मी नाही. तिने सुरतला फोन करून पहिल्यांदाच सांगितलं की मला बरं नाही, मनाचं बरं नाही. जेठाणीला धक्का बसला, तिला वाटत होतं ताई फोन उचलत नाही म्हणजे वाटणीवरून रागावलीय. डिप्रेशनमध्ये हे फार होतं. माणूस आतून आटतं, फोन उचलत नाही, समोरच्याला वाटतं टाळतेय, तोही मागे सरतो, आणि मग आजाऱ्याला खात्री पटते की आपण कुणालाच नको आहोत. कॉन्स्टन्स हॅमन या अभ्यासकाने 1991 मध्ये हेच मांडलं होतं, डिप्रेशन असलेल्या बायकांच्या नात्यांमध्ये नवा ताण तयार होत राहतो आणि त्यात आजाराचाही हात असतो. नात्याने आजार येतो तसा आजाराने नातं पण तुटतं, म्हणून एकाच माणसाला गुन्हेगार ठरवून सुटता येत नाही. त्या दिवसापासून रोज दुपारी व्हिडिओ कॉल, कधी पाच मिनिटं कधी पाऊण तास.

काय फरक पडला

एप्रिलअखेर स्कोर 16, जूनमध्ये 11, ऑगस्टमध्ये 6. सरळ रेषेत नाही आला. आखाजी 10 मेला होती, त्याच्या आधीचा आठवडा फार जड गेला, पुन्हा पहाटे तीनची जाग सुरू झाली. बोलावणं यंदाही नव्हतं. ताईने ठरवलं की भावाला स्वतः फोन करायचा, नवऱ्याला सांगून. काय बोलायचं ते आम्ही दोनदा घोकलं. ती म्हणाली, सही मी आत्ता करणार नाही, हा माझा निर्णय आहे, नवऱ्याचा नाही, पण मला आई हवी आहे. भावाने फोन ठेवून दिला. पण दोन दिवसांनी आई एकटी एसटीत बसून आली, हातात पुरणाचं सामान आणि नातींना बांगड्या, आणि चार दिवस राहिली. भाऊ अजूनही बोलत नाही. सही अजूनही झालेली नाही. त्या फोनबद्दल मी तिला विचारलं, वाईट वाटलं का? तर म्हणाली, वाटलं, पण पहिल्यांदा माझ्या तोंडून बोलले.

आज परत हेच प्रकरण आलं तर

एकत्र बैठक सुरुवातीला मुळीच घेणार नाही. घरातल्या प्रत्येकाला आधी एकटं भेटायचं, आणि बैठकीत कोण किती वेळ बोलणार हे आधी ठरवायचं, वयाचा मान एकीकडे आणि आजारी बाईची बाजू दुसरीकडे.

गोळी सुरू होताना नवरा शेजारी हवा. मी तेव्हा फक्त ताईला समजावलं, आणि घरात पैसे आणि एसटी दोन्ही ज्याच्या हातात त्याला काहीच माहीत नव्हतं.

मारहाणीचं पहिल्याच भेटीत एकटीला बसवून विचारायला हवं होतं. पहिल्या भेटीला आशाताईंसोबत नणंद पण होती आणि मी तिला बाहेर थांबायला सांगितलं नाही. तिसऱ्या भेटीत कळलं, ते नशीब. नवऱ्याशी मळ्यात जाऊन बोलायचं धाडस मी केलं ते ताईला विचारून आणि आता धोका नाही हे तिच्याकडून नीट कळल्यावरच. जिथे मार चालू आहे तिथे हा रस्ता घेऊ नये, तिथे आधी बाईची सुरक्षितता, नवऱ्याला ऐकून घेणं फार नंतर.

आणि आणखी एक खटकतं. दवाखान्यातल्या तीन सलाईनच्या वेळी कुणी एकदा जरी विचारलं असतं, ताई झोप लागते का, घरी बोलायला कोण आहे, तर नोव्हेंबरमध्येच सुरुवात झाली असती. आता मी आमच्या भागातल्या आशाताईंना हे दोन प्रश्न पाठ करायला सांगते.

सध्या

ऑगस्टमध्ये कानबाईच्या सणाला जेठ-जेठाणी सुरतहून आले, रोटांचं दळण दोघींनी मिळून केलं. गोळी चालू आहे, डॉक्टर म्हणतात पुढच्या वर्षी बघू. ओट्यावरचं बसणं रोज होत नाही, आठवड्यात तीन-चार वेळा होतं, कटाई असली की तेही नाही. सासूबाई अधूनमधून बोलतात, मग ताई उठून अंगणात जाते आणि सुरतला फोन लावते. जळगावच्या दवाखान्याची तारीख आधी नवरा सोबत आला तरच पाळली जायची. या वेळी त्याला केळीला पाणी द्यायचंय, तर ताई म्हणाली मी एकटी जाते, सकाळच्या एसटीने.